‘ब्लॅक म्हणून मिळालं असेल,’ असं मी म्हणाले आणि त्याने ऐकलं

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. यजमान आयटीत, मी एका फार्मसीत. मुलगा यंदा बारावीला. कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत १६०० पैकी १५६० गुण, शाळेच्या डिबेट टीममध्ये, अभ्यासात कधी मागे नाही. ज्या कॉलेजवर त्याचा जीव होता तिथून नकार आला. त्याचा डिबेटमधला जोडीदार मात्र तिथेच लागला. तो कृष्णवर्णीय आहे. सहावीपासून आमच्याकडे येतो, माझ्या थालीपिठासाठी हक्काने थांबतो.

त्या संध्याकाळी मी पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होते. ‘त्याला काय, ब्लॅक म्हणून मिळालं असेल, कोटा असतो ना त्यांचा,’ असं म्हणाले. मागे वळले तर तो मित्रच दारात उभा. मराठी त्याला येत नाही, पण एवढं कळायला मराठी कशाला यायला हवं? काही न बोलता निघून गेला. तेव्हापासून मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. यजमान म्हणतात, ‘तू चूक काय बोललीस? आपण ओपनवाल्यांनी तिकडे हेच सोसलं, आता पोरांनी इकडे सोसायचं का?’

ताई, गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली, कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष होऊन गेला. प्रवेशात वंश बघून झुकतं माप देणाऱ्या या अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनची अजून गरज आहे का? आणि त्या मुलाला मी तोंड कसं दाखवू?

– एक आई, न्यू जर्सी

*

प्रिय आई,

स्वतःची बाजू सावरून न घेता तुम्ही लिहिलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. गरज आहे, अजूनही आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची कारणं सांगतेच. पण आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती माहीत असल्याशिवाय तुम्हाला त्या मुलासमोर उभं राहता येणार नाही.

तुम्ही फोनवर जे म्हणालात ते मुळात खरं नव्हतं. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत निकाल दिला, की अर्जदाराचा वंश पाहून प्रवेश देता येणार नाही. तुमचा मुलगा आणि त्याचा मित्र, दोघांनीही त्या निकालानंतरच अर्ज केले. वंशाच्या रकान्यात त्याने काय भरलं, हे निवड करताना धरायची मुभाच कॉलेजला नव्हती. एवढंच शिल्लक ठेवलंय, की वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे कुणी निबंधात लिहिलं, तर त्यातून दिसणारी त्याची जिद्द, त्याचं धैर्य विचारात घेता येईल. म्हणजे तो मुलगा सगळ्यांना लागू असलेल्या नियमांनीच आत गेला.

आणि कोटा म्हणाल, तर तो अमेरिकेतल्या कॉलेजांत १९७८ पासूनच बेकायदा आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. राखीव जागा नाहीत, पण इतर अनेक बाबींबरोबर वंशाचाही विचार करायला हरकत नाही, असा मधला मार्ग त्या निकालाने काढला आणि तो ४५ वर्षं चालला. आपण मराठी माणसं आपल्याकडचं आरक्षण डोळ्यासमोर ठेवून अमेरिकेकडे बघतो, त्यामुळे आपल्याला तिथे रोस्टर, राखीव जागा, वेगळा कटऑफ असं सगळं दिसायला लागतं. त्यातलं तिथे काहीच नव्हतं. उलट मिशिगन विद्यापीठाने अल्पसंख्याक अर्जदारांना सरसकट २० गुण जास्त द्यायची पद्धत ठेवली होती, तीही कोर्टाने २००३ मध्ये मोडीत काढली.

आता गरजेबद्दल.

‘दीडशे वर्षं झाली’ हे वाक्य मी पुष्कळ मराठी घरांत ऐकलंय. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली हे खरं. पण हिशेब तिथून धरायचा नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जो मध्यमवर्ग उभा राहिला, तो बऱ्याच अंशी सरकारच्या मदतीने उभा राहिला. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसे आणि घरासाठी सरकारी हमीचं कर्ज मिळालं. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता. पण कर्ज देणाऱ्या बँका, कागद पुढे सरकवणारी स्थानिक कार्यालयं आणि प्रवेश देणारी विद्यापीठं गोऱ्यांच्या हातात होती. १९४७ साली मिसिसिपीतल्या शहरांची पाहणी झाली, तेव्हा अशा हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी फक्त दोन कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली होती. दोन! युद्ध तर त्यांनीही लढलं होतं. त्याच्याही आधी, तिसाच्या दशकात, सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून ‘इथे कर्ज धोक्याचं’ असं ठरवून टाकलं होतं. म्हणजे एका घराला घर मिळालं, त्या घराची किंमत वाढली, तिच्यावर पोरांची कॉलेजं झाली. दुसरं घर भाड्यातच राहिलं. तुमच्या मुलाच्या वयाच्या मुलांचे आजोबा-पणजोबा या काळातले आहेत. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर निघाली आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९०० डॉलर. सहापटीचा फरक! हा आळसाने पडलेला नाही.

तुम्ही घर घेताना शाळेचं रेटिंग नक्की पाहिलं असेल. सगळेच पाहतात, त्यात गैर काही नाही. पण तिथली शाळा मोठ्या प्रमाणात घरपट्टीवर चालते, घराच्या किमतीवर वस्ती ठरते आणि वस्तीवर शाळा. देशात वंशाप्रमाणे सर्वांत जास्त विभागल्या गेलेल्या शाळांमध्ये न्यू जर्सीच्या शाळा मोजल्या जातात. ही विभागणी आज कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. जुन्या नकाशांचं काम आता घरांच्या किमती करतात.

यावर सुशिक्षित माणसं नेहमी एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे: मग गरिबी बघा ना, रंग कशाला? मीही बराच काळ या उत्तराकडे आशेने पाहत होते, कारण ते कुणाला दुखवत नाही. पण राज चेट्टी या दिल्लीत जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २०१८ मध्ये जे मांडलं, ते वाचल्यावर ही आशा पुरेशी वाटत नाही. त्यांनी अमेरिकेतल्या कोट्यवधी मुलांची माहिती तपासली. सारख्याच वस्तीत, सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढलेले मुलगे घेतले, तरी देशातल्या ९९ टक्के वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्यांपेक्षा कमी कमावताना दिसले. श्रीमंत घरातले कृष्णवर्णीय मुलगेसुद्धा खाली घसरतात. २००४ चा एक प्रयोग तर फार बोलका आहे. बॉस्टन आणि शिकागोत नोकऱ्यांसाठी बनावट अर्ज पाठवले, पात्रता तीच, फक्त नावं वेगळी. एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकिशा, जमाल अशा नावांपेक्षा पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. लकिशाचा बाप श्रीमंत की गरीब हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. जखम रंग बघून झाली असेल, तर उपचार करताना रंगाकडे बघायचंच नाही हा हट्ट मला पटत नाही. कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष झाला, हे त्या माणसाचं मोठेपण. त्याने जमालच्या अर्जाला फरक पडलेला नाही.

सवलत काढली की काय होतं, हे अमेरिकेने करून पाहिलंय. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये मतदानाने ती बंद केली. १९९८ मध्ये बर्कली आणि लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रवेश कोसळले. रंग न बघता वैविध्य आणण्यासाठी त्या विद्यापीठांनी पुढे पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, तरी म्हणावं तसं जमलं नाही, असं त्यांनी स्वतःच सुप्रीम कोर्टाला कळवलं. मिशिगनने २००६ मध्ये तेच केलं. तिथल्या मुख्य विद्यापीठात पदवीच्या वर्गांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून चारवर आलं. आणि २०२३ च्या निकालानंतरच्या पहिल्याच वर्षी एमआयटीत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, आशियाई मात्र ४० च्या आसपास होते ते ४७ झाले. काही कॉलेजांत पहिल्या वर्षी फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण एमआयटीचे आकडे पाहून आपल्या लोकांमध्ये जो आनंद झाला, त्याने मला वाईट वाटलं.

तुम्ही फार्मसीत काम करता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. अमेरिकेत २०२३ मध्ये दर लाख जन्मांमागे बाळंतपणाशी निगडित कारणांनी दगावणाऱ्या गोऱ्या माता १४.५ होत्या, कृष्णवर्णीय माता ५०.३. कृष्णवर्णीय रुग्णांचं दुखणं कमी लेखलं जातं, ही तक्रार तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्यासारख्या दिसणाऱ्या डॉक्टरकडे माणूस मोकळेपणाने बोलतो, हे काउंटरपलीकडून तुम्ही रोज बघत असाल. आणि निकालानंतर, २०२४ मध्ये, मेडिकलला प्रवेश घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा ११.६ टक्क्यांनी घटली. हे नुकसान फक्त त्या मुलांचं नाही.

आता तुमच्या मुलाचं दुःख. ते खरं आहे आणि त्याला कुणी स्वार्थ म्हणू नये. हार्वर्डच्या खटल्यात एक गोष्ट उघड झाली. आशियाई मुलांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण प्रवेश कार्यालय कमी देत होतं, आणि ज्या माजी विद्यार्थ्यांनी त्या मुलांना प्रत्यक्ष भेटून मुलाखती घेतल्या होत्या, त्यांना मात्र ती मुलं तितकी कमी वाटली नव्हती. खालच्या कोर्टाने यात जाणूनबुजून केलेला भेदभाव मानला नाही. तरी माझ्या मनातून ही गोष्ट जात नाही. आमच्या मुलांना तुम्ही पुस्तकी किडे समजता का, असं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

पण त्याच खटल्यातून दुसराही कागद बाहेर आला, त्यावर मात्र आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत कुणी बोलत नाही. हार्वर्डमध्ये निवडल्या गेलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के हे खेळाडू तरी होते, किंवा माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची, देणगीदारांच्या खास यादीतली मुलं. अर्थशास्त्रज्ञांनी आकडेमोड केली, तेव्हा यातल्या सुमारे तीनचतुर्थांश मुलांना ही खास ओळख नसती तर प्रवेश मिळाला नसता, असं निघालं. आई, जागेचा हिशेबच मांडायचा तर आधी इथे मांडा. बापाच्या नावावर आत गेलेला मुलगा तुमच्या डोळ्यांत खुपत नाही, कारण तो कोण हे तुम्हाला दिसत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात येणारा दिसतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी ही सवलत कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायद्याने बंद केली. राग कामाला लावायचा असेल, तर तुमच्या राज्याच्या प्रतिनिधीला याबद्दल पत्र लिहा.

यजमानांशी मला थोडं सविस्तर बोलायचंय. हा भाग त्यांना वाचून दाखवा.

दादा, ‘आपण तिकडे सोसलं’ म्हणता. एखादी सरकारी सीट थोडक्यात हुकली असेल, ते तरुण वयात जिव्हारी लागतं, मान्य. पण सांगलीत लागलेलं ते दुःख न्यू जर्सीतल्या एका सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर काढायचं का? आणि सांगलीचीच गोष्ट काढलीत तर शेजारी कोल्हापूर आहे. शाहू महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या कारभारातल्या ७१ वरच्या जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. २६ जुलै १९०२ ला त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या. तेव्हाही ‘गुणवत्तेचं काय’ असाच ओरडा झाला होता. गुणवत्ता त्या साठ घरांच्या बाहेर नव्हती असं नाही, तिला दारच नव्हतं.

तुम्ही अमेरिकेत आहात तेही कुणाच्या तरी लढ्यामुळे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळणार नाही. थिंड अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले होते, तरीही. १९४६ नंतर भारताच्या वाट्याला वर्षाला १०० माणसांचा प्रवेश आला. संपूर्ण भारताला शंभर! हे दार ऑक्टोबर १९६५ मध्ये उघडलं. त्याआधीच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, आणि १९६५ च्याच ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा. मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर ज्या कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी वंशावरून माणसं अडवणं लाजिरवाणं ठरवलं नसतं, तर देशादेशांचे ते जुने कोटे त्या वर्षी तरी मोडले नसते. पुढे १९८२ मध्ये भारतीयांच्या संघटनेनेच मागणी केली आणि सरकारी कंत्राटांत लहान उद्योगांना साहाय्य देणाऱ्या योजनेत ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ म्हणून भारतीयांचा समावेश झाला. त्या यादीचा फायदा घेऊन उभ्या राहिलेल्या कंपन्यांत आपली किती माणसं नोकरीला लागली असतील! घेताना आपल्याला ती सवलत टोचली नाही.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून कळवलं होतं, की अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे, की तिचा अभ्यास आवश्यकच आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियात शिकायला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. तुमच्या घरापासून ते विद्यापीठ नदीपलीकडे आहे. कधी मुलाला घेऊन जाऊन या.

या धोरणात दोष नव्हते असं मी म्हणणार नाही. मोठ्या कॉलेजांत त्याचा लाभ बऱ्याचदा आफ्रिकेतून किंवा कॅरिबियनमधून नुकत्याच आलेल्या सुशिक्षित कुटुंबांच्या मुलांना झाला, गुलामांच्या वंशजांना कमी. ‘आशियाई’ या एका खान्यात तुमचा मुलगा आणि निर्वासित म्हणून आलेल्या कंबोडियन घरातली मुलगी यांना एकत्र कोंबलं, हाही अन्याय होता. हे दुरुस्त करायला हवं होतं. वंश आणि गरिबी दोन्ही बघायला हवी होती. किती काळ, यालाही उत्तर असायला हवं. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी पंचवीस वर्षांनी ही गरज उरू नये अशी अपेक्षा लिहिली होती. अपेक्षा चांगली, पण पंचवीस वर्षांत संपत्तीतली दरी बुजवण्यासाठी काही केलं नाही, तर नुसती वर्षं मोजून काय होणार? कोर्टाने तेवढीही वाट पाहिली नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सरकारी कंत्राटदारांना भेदभाव टाळायला भाग पाडणारा १९६५ चा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा आदेशही रद्द केला.

आता त्या मुलाकडे कसं जायचं.

त्याला घरी बोलावू नका, तुम्ही जा. त्याच्या आईला आधी फोन करून, काय घडलं ते स्वतः सांगून, येऊ का म्हणून विचारा. तिला कदाचित कळलंही असेल. नसेल तर तिला तुमच्याकडून कळू दे. सोबत डबा नेऊ नका. तुमच्या थालीपिठावर त्याचं प्रेम आहे, म्हणून मोह होईल, पण खाऊ पुढे केला की त्या पोराला तुम्हाला माफ करावंच लागेल, आणि त्याच्यावर तशी वेळ आणायची नाही.

जे बोललात ते जसंच्या तसं सांगा: ‘तुला प्रवेश तुझ्या रंगामुळे मिळाला असं मी म्हणाले. ते खोटं होतं आणि ते माझ्या मनात यायलाच नको होतं.’ ‘मुलाच्या नकाराने मी खचले होते’ हे बोलू नका. ते खरं आहे, पण ते ऐकून घेणं त्याचं काम नाही. ‘तू हुशार आहेस’ असं प्रमाणपत्रही देऊ नका. कृष्णवर्णीय मुलांना आयुष्यभर प्रत्येक यशानंतर हाच संशय सोसावा लागतो, आणि तो आज त्याला अशा घरात भेटला जिथे त्याला तो अपेक्षित नव्हता. तो काही बोलला तर ऐका. नाही बोलला तर उठा आणि या.

मुलाला हे सगळं आधी सांगा, पण त्याला मध्यस्थ करू नका. त्याचे दोन आघात एकाच आठवड्यात झाले: कॉलेजचा नकार आणि आईचं ते वाक्य. दुसरा त्याला जास्त लागलेला दिसतो, आणि त्याबद्दल तुम्ही त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. नकारापायी त्याच्या हाती असलेल्या इतर कॉलेजांना कमी लेखू नका. १ मेपर्यंत त्याला त्यांतलं एक निवडायचं असेल. त्याच्याबरोबर तिथे जाऊन वर्ग, वसतिगृह, डिबेटचा क्लब बघून या आणि तिथे असताना त्या दुसऱ्या कॉलेजचं नाव काढू नका.

मित्राच्या घरी जायला मात्र १ मेपर्यंत थांबू नका. या शनिवारीच जा.